औरिकमध्ये कारखाने येतायत. बीड, परभणी, हिंगोलीच्या पोरांना काम कुठं?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. राज्याची आर्थिक पाहणी आली की चार दिवस चर्चा होते, मग सगळं थंड होतं. २०२४-२५ च्या पाहणीत राज्याचा विकासदर ७.३ टक्के धरलाय, देशाच्या उत्पन्नातला वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आणि दरडोई उत्पन्न तीन लाखांच्या वर. आकडे खरे असतील, पण त्यात मुंबई-ठाणे-पुण्याचं वजन किती आहे ते आपल्याला माहीत आहे. परभणीच्या बसस्टँडवर रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाडीला जी पोरं पाठीवर बॅगा घेऊन उभी असतात, ती या सरासरीत कुठंच दिसत नाहीत.

आता लोकसंख्येकडे बघा. २०११ च्या जनगणनेत आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळून १ कोटी ८७ लाख माणसं होती, म्हणजे राज्याचा सहावा हिस्सा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा पावणेअठ्ठावीस टक्क्यांनी वाढला आणि तेव्हाचा उस्मानाबाद साडेअकरा टक्क्यांनी. राज्याची वाढ होती १६ टक्के. जन्मदरानं शेजारशेजारच्या जिल्ह्यांत एवढी तफावत पडत नसते. माणसं कामामागं गेली.

आणि आता पुन्हा सगळं काम त्याच एका जिल्ह्यात येतंय. शेंद्रा-बिडकीनचं औरिक हे औद्योगिक शहर सुमारे दहा हजार एकरांचं आहे. टोयोटा किर्लोस्करनं जुलै २०२४ मध्ये तिथं २० हजार कोटींचा करार केला, थेट नोकऱ्या सांगितल्या ८ हजार. इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर येतेय, जेएसडब्ल्यू येतेय, लुब्रिझोल येतेय. मला याचा मनापासून आनंद आहे. फक्त भागाकार करून बघा : एका थेट नोकरीमागं अडीच कोटींची गुंतवणूक. या हिशोबानं सगळ्या मराठवाड्याच्या पोरांना काम द्यायला किती टोयोटा लागतील?

म्हणून धागा काढलाय. औरिक पूर्ण भरलं असं धरू. तरी उरलेल्या सात जिल्ह्यांचं काय? ज्याला जे जवळून माहीत आहे ते लिहा. पक्षांची भांडणं कृपा करून इथं नकोत.

बालाघाटी

फार गरजेचा धागा. वाचतोय.

वाळूजकर

गोदाकाठ सर, वाळूजमध्ये गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शनला आहे, म्हणून आतली बाजू सांगतो.

बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. त्या एका कारखान्यानं नोकऱ्या दिल्याच, पण त्याहून मोठी गोष्ट झाली ती त्याच्याभोवती. कुणी गिअरचं जॉबवर्क घेतलं, कुणी रबरी पार्ट, कुणी नुसतं पॅकिंग, कुणी कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या. दोन लेथवर सुरुवात केलेली माणसं आज शंभर-दीडशे जणांना काम देतात. पैठण, गंगापूर, वैजापूरच्या शेतकऱ्यांची पोरं अशीच उभी राहिली. शहराची वाढ झाली ती या छोट्या शॉपमुळं.

आता अडचण ऐका. इलेक्ट्रिक स्कूटरला इंजिन नाही. म्हणजे पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, कार्बोरेटर तर कधीच गेला. आमच्या भागातल्या कितीतरी शॉपचं पोट नेमकं याच पार्टवर आहे. नव्या गाडीत किंमत असते बॅटरीत, मोटरमध्ये, कंट्रोलरमध्ये, आणि त्यातलं बरंच बाहेरून येतं. तेव्हा नवा कारखाना आला की १९८५ सारखं त्याच्याभोवती आपोआप शंभर कारखाने उगवतील, हे गृहीत धरू नका. त्यासाठी आतापासून आपल्या शॉपवाल्यांना वायरिंग हार्नेस, मोटर, चार्जर या कामांकडं वळवावं लागेल. काही जण वळतायतही. पण नवं मशीन घ्यायला भांडवल लागतं, आणि बँक जुन्या ऑर्डरी बघून कर्ज देते.

दुसरं, भरतीचं. गावाकडून पोरगा येतो, आयटीआय झालेला असतो. त्याला ठेकेदारामार्फत घेतात किंवा अप्रेंटिस म्हणून. मुदत संपली की दुसरी कंपनी, दुसरा ठेकेदार. तिशीपर्यंत तो पाच-सहा गेटवर फिरलेला असतो आणि कायम कुठंच नसतो. बजाजनगर, रांजणगावात एका खोलीत चार-पाच जण राहतात. 'नोकरी मिळाली' या बातमीच्या आतलं चित्र हे आहे.

गोदाकाठ (परभणी)

वाळूजकर, इंजिनाचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. यावर स्वतंत्र धागा काढा.

स्टीलनगरी (जालना)

सात जिल्ह्यांत काहीच नाही असं म्हणू नका, जालन्याचं बघा. सळईचा मोठा उद्योग आहे, आणि बियाण्याचा तर देशभर नावाजलेला. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये इथून महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कुठलंही बंदर जवळ नसताना, सरकारनं आणून ठेवलेला मोठा कारखाना नसताना हे उभं राहिलं. समृद्धी महामार्ग शेजारून जातो, आता तर नागपूरपासून मुंबईच्या दारापर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण झालाय.

पण एक गोष्ट मला कायम सलते. आमच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करणारी बरीच माणसं बिहार-उत्तर प्रदेशातून येतात. आणि त्याच वेळी आमच्याच घनसावंगी, अंबड, मंठ्याकडची माणसं ऊस तोडायला बाहेर जातात. भट्टीचं काम जीवघेणं आहे, मान्य. पण ऊसतोड काय सुखाची आहे का?

केजकर_बप्पा

स्टीलनगरी साहेब, उत्तर सोपं हाय. उचल.

भट्टीवाला महिना भरल्यावर पगार देतो. ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याच्या आधीच आगाऊ पैसे हातात ठेवतो, तीच उचल. पोरीचं लग्न, दवाखाना, बियाणं-खताची उधारी, आधीच्या सालची फिरलेली बाकी, हे सगळं त्या उचलीवर भागतं. मग नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला उचल बी अर्धी. म्हणून पोराचं लग्न लवकर उरकायचं, म्हंजी कोयता पुरा होतो. लोक म्हणतात आमच्याकडं अडाणीपणानं बालविवाह होतात. अडाणीपणा एक भाग झाला. हिशोब त्याच्याहून मोठा हाय. सोयाबीनला २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४ हजार ८९२ होता अन् बाजारात चार-सव्वाचार हजाराच्या वर कुणी घेईना. दोन एकर कोरडवाहूवाल्यानं त्यात काय करावं?

अन् बायांचं तर बोलायलाच नको. २०१९ ला सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. पाळी आली तर खाडा, खाडा झाला तर दंड. फडावरच्या झोपडीत, म्हंजी कोपीत, न्हाणीघर न्हाई, संडास न्हाई. हे आमच्या जिल्ह्याचं 'रोजगाराचं चित्र' हाय बरं का. यात नोकरी न्हाई असं कुणीच म्हणणार न्हाई, कारण सहा महिने सगळं घर कामावरच हाय.

मांजरेकाठची (लातूर)

केजकर बप्पा, तुम्ही लिहिलेलं वाचून थोडा वेळ थांबावं लागलं.

मी लातूरला ट्यूशन एरियात मेस चालवते. लातूर पॅटर्नबद्दल, म्हणजे इथल्या परीक्षेच्या तयारीच्या पद्धतीबद्दल, लोक निकालाच्या दिवशी बोलतात, पण त्यावर एक अख्खं अर्थकारण उभं आहे ते कुणी मोजत नाही. हॉस्टेल, मेस, झेरॉक्स, पुस्तकांची दुकानं, खोल्या भाड्यानं देणारी घरं, धुणीभांडी करणाऱ्या बाया, ऑटोवाले. नांदेड, परभणी, सोलापूर, अगदी विदर्भातून मुलं येतात. माझ्याकडं चपात्या लाटायला येणाऱ्या सगळ्या बाया औसा-निलंगा भागातून शहरात आलेल्या आहेत, आणि त्यातल्या दोघी आधी तोडीला जायच्या. आता त्यांच्या मुली रोज शाळेत जातात.

पण यातला खडा असा की हे सगळं परीक्षांवर टांगलेलं आहे. नीटचा निकाल लागला की हुशार मुलं इथून जातात ती परत येत नाहीत. डॉक्टर झालेला पुण्याला दवाखाना टाकतो. आणि ज्यांचा नंबर लागत नाही ती पुढं पोलीस भरती, तलाठी भरतीच्या मागं लागतात. २०२४ च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आत जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांवर गेले. म्हणजे एका जागेला शंभर. उरलेल्या नव्व्याण्णवांचं वय या तयारीतच निघून जातं, ते कुठल्याच बेरोजगारीच्या आकड्यात येत नाहीत, कारण ते 'अभ्यास करत' असतात.

रेल्वे कोच कारखान्याचं मार्च २०१८ ला भूमिपूजन झालं तेव्हा इथं घराघरात आशा होती. २५ डिसेंबर २०२० ला पहिल्या डब्याचा सांगाडाही बाहेर पडला. आता वंदे भारत स्लीपर गाड्यांचं काम तिथं व्हायचंय. आमच्या गल्लीतल्या आयटीआयच्या पोरांना त्याचीच वाट आहे.

हिंजवडीत_हिंगोलीकर

थोडं वेगळं मांडतो, राग मानू नका.

माणसं बाहेर जातात यात एवढं वाईट काय? मी औंढ्याजवळच्या गावचा. शिकलो, पुण्याला आलो, घरी पैसे पाठवतो. त्या पैशातून भावानं विहीर खणली, बहीण फार्मसी करतेय. मी गावातच राहिलो असतो तर यातलं काहीच झालं नसतं. कोकणानं शंभर वर्षं मुंबईच्या मनीऑर्डरवर घरं चालवली.

शिवाय पाणी. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडायचं म्हटलं की दर टंचाईच्या वर्षी नगर-नाशिकशी कोर्टकज्जे. जी जमीन एवढ्या माणसांना पोसू शकत नाही, तिथं लाखो माणसांना अडवून ठेवण्यात काय भलं आहे? कारखान्यांनासुद्धा पाणी लागतंच की.

गोदाकाठ (परभणी)

हिंगोलीकर, राग कशाला मानायचा. तुमचं म्हणणं निम्मं मला पटतं. जाण्याला विरोध नाहीच.

पण कोण जातं आणि कसं जातं यात फरक आहे. तुम्ही पदवी घेऊन गेलात, पगार वाढत गेला, घरी पैसे आले. केजकर बप्पांच्या गावचं जोडपं कर्ज अंगावर घेऊन जातं, सहा महिन्यांनी पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की बऱ्याचदा तेवढंच कर्ज घेऊन परत येतं, आणि मधल्या काळात पोराची शाळा बुडालेली असते. या दोन्हीला स्थलांतर म्हणायचं, पण एकातून घर वर येतं आणि दुसऱ्यातून आहे तिथंच राहतं. मला काळजी आहे ती दुसऱ्याची.

पाण्याचं म्हणाल तर एका साखर कारखान्याभोवती जेवढा ऊस उभा असतो तेवढ्या पाण्यात किती कापूस-तूर निघेल आणि त्यावर किती जिनिंग, डाळमिल चालतील, हा हिशोब आपण कधी मांडलाच नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर याच कोरड्या मुलखात नदीकाठची जमीन खरवडून गेली. सोयाबीन पाण्यात कुजलं. सरकारनं राज्यासाठी ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, पण वाहून गेलेली माती पॅकेजात परत येत नाही. त्या हंगामात आमच्याकडून जी माणसं गेली त्यातली काही आधी कधी गाव सोडून गेलेली नव्हती.

आकडेमोड (नांदेड)

लोकसंख्येच्या बाजूनं थोडं. मी हाच विषय शिकवतो.

आपल्याकडं अजून 'लोकसंख्या फार वाढली म्हणून बेकारी' असं बोललं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. पिढी जेवढ्यास तेवढी राहायला २.१ लागतो. म्हणजे राज्य त्या रेषेखाली येऊन बराच काळ झाला. मराठवाडा राज्याच्या थोडा मागं असेल, पण दिशा तीच. गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीचा पट का घटतोय, याचं एक कारण इंग्रजी शाळा आणि दुसरं हे.

याचा अर्थ असा की आज वीस-पंचवीस वयाची जी पिढी आहे तिच्यानंतर एवढी मोठी पिढी येणार नाही. पुढची पंधरा-वीस वर्षं कामाचे हात सगळ्यात जास्त असतील आणि नंतर म्हातारी माणसं वाढत जातील. या काळात ही पोरं कमावती झाली नाहीत, तर तिशी-चाळिशीत बिनबचतीची आणि पुढं बिनपेन्शनची माणसं आपल्या गावांत राहतील आणि त्यांना सांभाळायला मागं हातही थोडे असतील. केरळ म्हातारा होतोय, पण आधी त्यानं आखातातून कमाई केली. आपण कमाईच्या आधीच म्हातारे होण्याचा धोका आहे.

आणि बीडचं एक : २०११ मध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. तेव्हा न जन्मलेल्या मुलींचं वय आज लग्नाचं किंवा त्याच्या आसपासचं असतं. गावागावात पस्तिशीची पोरं बिनलग्नाची आहेत, त्याला एक कारण जमीन-नोकरी नसणं, आणि दुसरं ते ८०७. त्यातच वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण परभणीत ४८ टक्के आणि बीडमध्ये ४४ च्या आसपास निघालं. मुली कमी, आणि ज्या आहेत त्यांची लग्नं लवकर. नोकरदार बायकांचा टक्का वाढणार कुठून?

रानहळद (वसमत)

आमच्याकडचं सांगतो. हिंगोली जिल्हा हळदीत राज्यात पुढं आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्वी माल सांगलीला न्यावा लागायचा, आता वसमत-हिंगोलीच्या बाजारात मोठी आवक होते. हळदीला मजूर भरपूर लागतो : लावण, खुरपणी, काढणी, मग शिजवायचं, वाळवायचं, पॉलिश. म्हणजे पीकच असं आहे की गावात काम राहतं.

पण पुढचं काम, पावडर करणं, कुरकुमिन काढणं, तपासणी, पॅकिंग, हे गावात फार थोडं होतं. पोतं जसंच्या तसं बाहेर जातं. बिडकीनला एक मोटारीचा कारखाना येतो तेवढ्या पैशाचा थोडा भाग जरी अशा पन्नास-शंभर युनिटला मिळाला, तर त्या त्या तालुक्यात माणसं टिकतील. आमच्या गटानं एक पॉलिशिंग युनिट टाकलं, तर आठ-दहा घरांना बारमाही काम मिळालं. पोरं हळदीचा भाव मोबाईलवर बघून साठा करतात, विकतात. लातूर-उदगीरच्या डाळमिलचं, जालन्याच्या मोसंबीचं असंच करता येईल.

वाळूजकर

रानहळद, एकदम बरोबर. आणि अशा युनिटला लागणाऱ्या मशिनी आमच्या शॉपवाल्यांनी बनवाव्यात. इंजिनाचे पार्ट बंद पडणाऱ्यांना हेही एक काम आहे. कुकर, पॉलिशर, ग्रेडर, कन्व्हेअर, यातलं काहीच आमच्या हाताबाहेरचं नाही. तुमच्या गटानं पॉलिशर कुठून घेतला?

रानहळद (वसमत)

गुजरातहून.

बालाघाटी

इथं अनुशेषाचा, म्हणजे विकासात आपला भाग किती मागं राहिला याचा, विषय कुणीच काढला नाही. तो अभ्यासणारी दांडेकर समिती १९८४ ची, केळकर समितीचा अहवाल २०१३ चा. मराठवाडा वैधानिक विकास मंडळ १९९४ ला झालं आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. कुठल्या जिल्ह्यावर किती खर्च झाला हे मोजणारी जी काही थोडीफार यंत्रणा होती, तीच गेली. मंडळानं फार दिवे लावले असं मी म्हणत नाही, पण मोजमापच नसेल तर मागणार कशाच्या आधारावर? नगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडला गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं. या तीस वर्षांत बीडला जो कारखाना येऊ शकला असता तो कुठं गेला, हे कोण सांगणार?

आकडेमोड (नांदेड)

मोजमापाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण वेळ थोडा आहे.

पुढची जनगणना २०२७ ची. माणसांची गणती फेब्रुवारीत आणि संदर्भाची तारीख १ मार्च. २०११ लाही गणती ९ ते २८ फेब्रुवारी अशीच झाली होती. नियम असा असतो की गणतीचा पूर्ण काळ जो माणूस आपल्या घरी नाही, त्याची नोंद तो जिथं सापडेल तिथं होते. आता फेब्रुवारीत आपली ऊसतोड कुटुंबं कुठं असतात? कोल्हापूर, सांगली, पुणे, कर्नाटक. म्हणजे बीड, धाराशिव, जालन्यातली लाखो कामकरी माणसं तिकडच्या उसाच्या फडात मोजली जाणार, किंवा मोजणाऱ्याच्या नजरेतून सुटली तर कुठंच मोजली जाणार नाहीत. गावात उरतात म्हातारी माणसं आणि आजीजवळ ठेवलेली लेकरं. यावेळी जातींची नोंदही होणार आहे आणि मतदारसंघांची पुनर्रचना याच आकड्यांवर उभी राहील. रेशन, शाळा, आरोग्य केंद्रं यांचे हिशोबही.

केजकर_बप्पा

सर, हे मला ठाऊक नव्हतं. २०११ ला मी फडावरच होतो. आमच्या कोपीत कुणी मोजायला आल्याचं मला तर आठवत न्हाई. घरी आईनं नावं सांगितली म्हणाली, आता ती लिहून घेतली का न्हाई कुणाला ठाऊक.

मांजरेकाठची (लातूर)

मग आता काय करता येईल? ग्रामसेवकाकडं ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरलं होतं ना?

आकडेमोड (नांदेड)

हो ताई, तीच यादी कामाची आहे. गावातून कोण कुठल्या कारखान्याला गेलं हे ग्रामपंचायतीला आणि मुकादमाला दोघांनाही माहीत असतं. ती यादी जानेवारीतच त्या त्या कारखान्याच्या तालुक्यातल्या गणती अधिकाऱ्याकडं पोचली पाहिजे, म्हणजे निदान फड सुटणार नाही. आणि आधीचा राहण्याचा जिल्हा कोणता या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकानं नीट द्यायला हवं. तेवढं झालं तर बीडमधून किती माणसं गेली याचा पहिल्यांदा धड आकडा मिळेल. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं करायचा, कारण गणतीचे प्रमुख अधिकारी तेच असतात.

केजकर_बप्पा

सर, अर्ज कसा लिहायचा ते इथंच टाका. येत्या ग्रामसभेत मांडतो. धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या पाहुण्यांना बी धाडतो. टोळ्या दसऱ्यानंतर हलत्यात, त्याच्या आधी यादी झाली पाहिजे.

आकडेमोड (नांदेड)

आज रात्री मसुदा टाकतो. तुमच्या गावातून किती कोयते जातात आणि कुठल्या कारखान्यांना, तेवढं आधी लिहा.